मिशीवाला ओबरमायर

होबर्ट स्टेम्पलच्या दुकानात शिरलं की आधी कोट काढून दारामागच्या खुंटीला लावायचा, मग दोन्ही हात काउंटरवर ठेवायचे, तळवे खाली करून, आणि मग तोंड उघडायचं. विंटन फॉल्समध्ये हे सगळ्यांना पाठ होतं. बाहेरगावचा कुणी खिशात हात घालून उभा राहिला, तर होबर्ट त्याला काही म्हणायचा नाही. नुसता त्या खिशाकडे बघत राहायचा. शेवटी त्या बिचाऱ्यालाच वाटायला लागायचं की आपण काहीतरी ढापलंय.

दुकान जुन्या बेसबॉल कार्डांचं. शंभर वर्षांपूर्वी गोळ्यांच्या पुडक्यात खेळाडूंची चित्रं यायची, आगपेटीहून थोडी मोठी, जाड पुठ्ठ्याची. पोरं गोळ्या खायची आणि चित्रं खिशात कोंबायची. त्यातली बहुतेक मळली, फाटली, पोरांच्या आयांनी शेगडीत घातली. जी उरली त्यांच्यासाठी आज चांगली शिकली-सवरलेली माणसं घर गहाण टाकायला निघतात. एवढी हाव म्हटल्यावर लबाडी आलीच. झिजलेल्या कडा पात्यानं छाटून कोपरे कोरे करणारे, नवा कागद कॉफीत बुडवून म्हातारा करणारे, एका कार्डाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला चिकटवून तिसरंच कार्ड विकणारे, असे एकेक महाभाग होबर्टनं चाळीस वर्षांत पाहिले होते. ॲक्रनहून आलेल्या एका गृहस्थाचं कार्ड त्यानं नुसतं नाकाशी नेलं आणि विचारलं, "कॉफीत दूध घालता वाटतं?" तो माणूस कोट न घेताच पळाला. कोट पुढं दोन वर्षं खुंटीवर लटकत होता.

भिंग, नवा कागद लगेच चमकून दिसेल असा जांभळा दिवा आणि कागदाची जाडी मोजायचं एक जुनं यंत्र, एवढा त्याचा सरंजाम. दुकानात तो शोभायचाही. पण हा बाबा दुकान बंद केल्यावर संशयही बंद करील तर ना. खाटकाच्या तराजूवर याचा डोळा, चर्चच्या सोडतीत चिठ्ठी काढणाऱ्या बाईंच्या बाह्यांवर याचा डोळा. पोस्टमन दोन मिनिटं उशिरा आला तर पत्र वाफेवर उघडलंय का ते हा उजेडात धरून बघणार. बायको आर्डिथ सगळ्यांना सांगायची, "आमच्या लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाची हरकत आहे का? तर हा मागं वळून एकेकाचं तोंड तपासायला लागला. मी कोपर मारलं तेव्हा कुठं 'हो' म्हणाला."

त्याचा आणखी एक नियम होता, आणि त्यावरून गावात फार हसत. दुसऱ्याचं कार्ड तपासायला आलं की तो ते तीन दिवस ठेवून घ्यायचा, आणि पावती द्यायचा नाही. "मी काय चोर आहे?" पण त्याचं स्वतःचं कार्ड कुणाला नुसतं दाखवायला जरी द्यायचं झालं, तरी पावतीवर दोन सह्या आणि गाडीचा नंबर. सख्ख्या मेव्हण्याकडूनही त्यानं सही घेतली होती. मेव्हणा त्यानंतर नाताळला आला नाही.

आणि वर्षातून दोनतीनदा कुठल्या तरी मोठ्या शहरातून फोन यायचा. पलीकडचा माणूस गोड आवाजात विचारायचा, "मिस्टर स्टेम्पल, ऐकलंय की तुमच्या घरी टली ब्रॅनकचं एक कार्ड होतं?" होबर्ट एकच वाक्य बोलायचा. "लाइल फेन्विककडे विचारा." आणि फोन आपटायचा.

त्या वाक्याची गोष्ट सांगायला एकोणीसशे सत्तावन्न सालात जावं लागतं. होबर्ट तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला सगळे होबी म्हणत. त्याचे वडील क्लॉड स्टेम्पल घराघरांतून भिंतींना फुलाफुलांचे कागद लावायचे. हात असा की जोड कुठं आहे ते घरमालकालाही सापडू नये. त्या धंद्यातल्या माणसांची एक रीत असते. कागद चिकटवण्याआधी उघड्या भिंतीवर पेन्सिलीनं आपलं नाव, तारीख आणि त्या दिवशीची हवा लिहायची, आणि वर खळ लावून कागद बसवायचा. पुढं कधी पन्नास वर्षांनी कुणी जुना कागद खरवडला तर त्याला कळावं, इथं कोण उभं होतं. क्लॉडची अशी नावं गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींत होती. होबी सुट्टीच्या दिवशी खळीची बादली धरायला जायचा आणि बापाचं लिहून होईपर्यंत वाट बघायचा.

क्लॉडनं आपल्या लहानपणची पेनीवेदर कंपनीच्या गोळ्यांतली कार्डं पोराला दिली होती. चाळीसेक होती. सगळ्यांच्या पाठीवर तीच एक जाहिरात, तोंडं तेवढी वेगळी. त्यांतला टली ब्रॅनक हा राजा. कंपनीनं त्याच्या टोपीचा रंग चुकवला म्हणून तो भांडला आणि त्याचं कार्ड आठवड्याभरात बंद झालं, असं म्हणायचे. पोरांना एवढंच ठाऊक होतं की ब्रॅनक दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि सगळ्यांत फालतू कार्ड होतं गस ओबरमायरचं. ते मुळात लाइल फेन्विकचं. लाइल म्हणजे होबीचा जिवाचा दोस्त, शेजारच्या गल्लीतला. त्यानं शाळेच्या निळ्या शाईनं ओबरमायरला अशा काही मिशा काढल्या होत्या, दोन्ही टोकं कानापर्यंत, की होबी हसून हसून लोळला. मग लाइलनं ते त्यालाच देऊन टाकलं.

शाळेच्या भिंतीपाशी पोरं कार्डं भिरकावायची. ज्याचं भिंतीच्या सगळ्यांत जवळ पडेल, त्यानं सगळी घ्यायची. त्या ऑक्टोबरात होबी हरत सुटला होता. एका बुधवारी चौदा कार्डं घालवून तो घरी आला आणि ऐटीत म्हणाला, "शुक्रवारी ब्रॅनक लावतो. सगळी परत आणतो." क्लॉड जेवत होता. त्यानं काटा खाली ठेवला, पोराकडे बघितलं आणि पुन्हा जेवायला लागला. दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळी सातला तो कामावर गेला. दुपारी शिडीवर असताना डोक्यातली शीर तुटली आणि माणूस खाली पडला तो उठलाच नाही.

रविवारी माती झाली. घर माणसांनी भरलं होतं, आणि होबी माडीवर आपल्या खोलीत बसून होता. त्याच्याजवळ दिवसभर एकटा लाइल होता. काही बोलला नाही, नुसता बसून राहिला, संध्याकाळी त्याची आई हाक मारायला आली तेव्हा गेला. सोमवारी होबीनं सिगारच्या डब्यातून कार्डं काढली. ब्रॅनक नव्हता.

आईनं सगळं घर पालथं घातलं. गादी उसवली, क्लॉडची हत्यारांची पेटी रिकामी केली. नाही म्हणजे नाही. खोलीत आलं कोण होतं? लाइल. मंगळवारी त्याला बोलावून घेतलं. तो पोरगा होबीच्या आईसमोर उभा राहून म्हणाला, "शपथ घेतो, मी हात लावला नाही." मग जरा वेळानं म्हणाला, "तुझ्या बाबांनीच कुठं जपून ठेवलं असेल, होबी."

होबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप जाऊन पाच दिवस झाले नाहीत आणि हा मेलेल्या माणसावर ढकलतोय. त्यानं लाइलच्या थोबाडीत मारली, डब्यातून तो मिशीवाला ओबरमायर उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला. "घे तुझं. तुझी एक वस्तू नको मला घरात." लाइलनं खाली वाकून कार्ड उचललं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तो गेला. बोलणं बंद झालं ते एकसष्ट वर्षं बंदच राहिलं.

एकाच गावात, बरं का. एकाच चर्चमध्ये, हा डावीकडच्या बाकावर, तो उजवीकडच्या. होबर्टनं मात्र ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली. शाळेत सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, डायनरमध्ये सांगितली. लहान गाव, त्यात बाप मेलेलं पोर सांगतंय, कोण खोटं म्हणणार? लाइल मोठा झाला, चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, एका पोराला खरचटू दिलं नाही. तरी कुठं काही हरवलं की माणसं क्षणभर त्याच्याकडे बघायची. ती नजर त्याला ओळखू यायची.

मग दोन हजार अठराच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, लाइलची मुलगी मार्नी दुकानात आली. चाळिशीची, धिप्पाड, बापासारखीच बस चालवणारी.

"कोट," होबर्ट म्हणाला.

"मी थांबायला आलेली नाही, मिस्टर स्टेम्पल." तिनं पावाच्या जुन्या मेणकागदात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "बाबांना काल मेपल क्रेस्ट वृद्धाश्रमात ठेवलं. हृदय थकलंय. सामान आवरताना हे माझ्या हातात दिलं. म्हणाले, होबीचं आहे, होबीला नेऊन दे."

होबर्टनं कागद उलगडला. आत गस ओबरमायर, कानापर्यंत मिशांचा. त्याला वाटलं, कुणीतरी छातीवर बोट टेकवलं. पण तो होबर्ट स्टेम्पल. पुढच्याच क्षणी मनात पाल चुकचुकली. आज का? एकसष्ट वर्षांनी, मरणाच्या दारात? यात काय डाव असेल?

"हे माझं नाही. तुझ्या बापाचं आहे. मी परत केलं होतं."

"कसं परत केलं होतं ते ठाऊक आहे मला."

त्यानं कार्ड भिंगाखाली घेतलं. मग सवयीनं, काही ठरवून नव्हे, ते जाडी मोजायच्या यंत्रात सरकवलं. आकडा बघितला. पुसून पुन्हा सरकवलं. पेनीवेदरची हजारभर कार्डं त्याच्या हाताखालून गेली होती. हे बरोब्बर दुप्पट जाड होतं.

"हे दोन थरांचं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे चिकटवलेलं. तोंड एकाचं, पाठ दुसऱ्याची. मी असले धंदे रोज बघतो. तुझ्या बापानं म्हातारपणी हा उद्योग सुरू केला होता वाटतं."

मार्नीनं त्याच्याकडे असं बघितलं की होबर्टनं डोळे यंत्राकडे वळवले. "हे कार्ड माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात असायचं," ती म्हणाली. "बाहेर काढलेलं मी तीनदा पाहिलं असेल. बाबा सतरा वर्षांचे असताना औषधाच्या दुकानात नोकरी मिळत होती. मालक म्हणाला, गल्ल्यावर फेन्विक नको. ते कुणामुळं, हे गावाला ठाऊक आहे. तरी त्यांनी घरात कधी तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. मी काढते. तुम्ही फार कोत्या मनाचे आहात, मिस्टर स्टेम्पल." आणि ती दार उघडं टाकून गेली.

होबर्ट दार लावून आला. राग आलाच होता, पण त्याहून जास्त हुरूप आला होता. आता पुरावा हातात होता. त्यानं दुकानाला कुलूप घातलं, मागच्या स्वयंपाकघरात गेला, आर्डिथचं केक भाजायचं काचेचं ताट घेतलं, त्यात बाटलीतलं शुद्ध पाणी ओतलं आणि ओबरमायरला तोंड वर करून त्यात सोडलं. जुनी पिठाची खळ पाण्यात आपोआप सुटते. घाई करायची नाही, नख लावायचं नाही, बसून राहायचं. मिशांची शाई मात्र लगेच सुटली. निळे धागे पाण्यात पसरले. शाळेची शाई धुतली की जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जाऊ दे, फालतू कार्ड, तो मनाशी म्हणाला.

आर्डिथ बाजारातून आली. "माझ्या ताटात काय शिजवतोस?"

"लबाडी सोलतोय."

"जेवणाआधी आटप म्हणजे झालं."

अर्ध्या तासानं वरचा थर हलला. होबर्टनं बोटाच्या टोकानं तो हळूच बाजूला सरकवला. खालून एक माणूस वर बघत होता. चुकीच्या रंगाची टोपी, रुंद जबडा, जरासा रागावलेला. टली ब्रॅनक. कोपरे कोरे, रंग काल छापल्यासारखे, कारण एकसष्ट वर्षं त्याला उजेड लागला नव्हता.

दुसरा कुणी रडला असता, नाचला असता. होबर्ट ओरडला, "सापडला! आर्डिथ, चोर सापडला!" कार्ड मिळाल्याचा आनंद नव्हताच तो. आपलं खरं झालं याचा होता. "बघ. माझा ब्रॅनक. त्यानं ओबरमायरच्या मागं चिकटवून लपवला होता. एकसष्ट वर्षं मी कंठशोष करत होतो. आता बोला म्हणावं."

आर्डिथनं पिशवी खाली ठेवली आणि ताटात डोकावली. "चोरानं चोरी स्वतःच्या लेकीच्या हातानं तुझ्याकडेच पाठवली?"

"मरताना मन खात असेल."

"मन खात असतं तर चिठ्ठी लिहिली असती. आणि चिकटवलंय किती सफाईनं. लाइलनं त्याच्या सोफ्याचं फाटलेलं चिकटवलं होतं आणि गाव हसलं होतं, आठवतं? मार्नीचा झगा त्याला चिकटून बसला होता." तिनं केक काढायचा चपटा चमचा घेतला आणि सुटलेला ओबरमायर उलथा केला. पाठीवर कंपनीची जाहिरात, आणि जाहिरातीवर काहीतरी आडवं लिहिलेलं. ती वाकली. ताट उजेडाकडे ओढून तिनं ते पुन्हा वाचलं.

"होबर्ट," ती शेवटी म्हणाली, "आपल्या झोपायच्या खोलीचा कागद खरवडला, तेव्हा भिंतीवर जे अक्षर निघालं होतं ते हे."

पेन्सिलीनं लिहिलं होतं, आणि पाण्यानं ते जरासुद्धा फिकं झालं नव्हतं. क्लॉड स्टेम्पल. १७ ऑक्टोबर १९५७, गुरुवार. स्वच्छ ऊन. आणि खाली लहान अक्षरांत: होबी शहाणा झाला की सोडवायचं.

होबर्ट खुर्चीवर बसला. गुरुवार, म्हणजे त्याच सकाळी, सातच्या आधी. पोरगं शुक्रवारी ब्रॅनक घालवणार म्हणून बापानं खळीची बादली उघडली होती, जे कार्ड कुणी पणाला लावणार नाही, कुणी मागणार नाही, असं एक निवडून त्याच्यामागं ब्रॅनक जपून बसवला होता, आणि रीतीप्रमाणं सही केली होती. लाइल घरात आला तो रविवारी. आणि मंगळवारी लाइलनं सांगितलं होतं, तुझ्या बाबांनीच जपून ठेवलं असेल. त्या पोरानं शब्दन्शब्द खरं सांगितलं होतं आणि त्याबद्दल थोबाडीत खाल्ली होती. आणि मग होबीनं, चोर चोर म्हणत, स्वतःच्या हातानं ब्रॅनक त्याच्या तोंडावर फेकला होता.

तरी सवय बघा माणसाची. त्यानं भिंग आणलं. पुढचा तासभर तो त्या अक्षरांवर झुकून होता. खळ पेन्सिलीच्या वर आहे की खाली? वर होती, म्हणजे आधी लिहिलं, मग चिकटवलं. आडव्या रेघा बापासारख्याच उजवीकडे चढत्या आहेत का? होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तो लबाडी सापडावी म्हणून देवाची करुणा भाकत होता, आणि कार्ड अस्सल निघत होतं.

"किती वेळ बघणार आहेस?" आर्डिथ म्हणाली. "जा. माणूस अजून जिवंत आहे."

मेपल क्रेस्टमध्ये लाइल चौदा नंबरच्या खोलीत खिडकीपाशी बसला होता. नाकात नळी, गुडघ्यांवर घोंगडी. पुढं जेवणाचं चाकांचं टेबल. होबर्ट दारात उभा राहिला आणि त्याला कळेना, आत जायचं कसं.

"म्हातारा झालास, होबी," लाइल म्हणाला.

"तूही."

"मार्नी सांगत होती, मी चिकटवाचिकटवी करतो म्हणालास."

"म्हणालो." होबर्टनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दोन्ही कार्डं टीपकागदावर काढून टेबलावर ठेवली. मग त्यानं सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, स्वतःच्या बाजूनं एक शब्द घातला नाही. लाइल ब्रॅनककडे बघत होता, मग पेन्सिलीच्या अक्षरांकडे, मग पुन्हा ब्रॅनककडे.

"म्हणजे होता माझ्याकडेच," तो म्हणाला.

"हो."

"मग इतकी वर्षं तू खोटं बोलत नव्हतास की." तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबला तेव्हा हसूही गेलेलं होतं. त्यानं हात पुढं केला. "भिंग दे."

होबर्टनं खिशातून भिंग काढून दिलं. लाइलनं अक्षरं एक एक करून बघितली, अगदी सावकाश, ओठ हलवत. मग भिंग खाली ठेवलं.

"हे आत्ताच घरी बसून तू लिहिलं नसशील कशावरून?"

होबर्टनं तोंड उघडलं. खळ वर आहे, पेन्सिल खाली आहे, रेघा चढत्या आहेत, सगळं जिभेवर होतं. पण असलं सगळं चाळीस वर्षं काउंटरपलीकडची माणसं त्याला सांगत आली होती, आणि त्यानं एकालाही धड उत्तर दिलं नव्हतं.

"सिद्ध नाही करता येणार," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर भरवसा ठेवावा लागेल."

"मी दिला होता तुला शब्द. तुझ्या आईसमोर."

"हो."

"दहा वर्षांचा होतो मी, होबी." लाइलचा आवाज वाढला नाही. "तुझा बाप गेला म्हणून मी दिवसभर तुझ्याजवळ बसलो होतो. दुसरं काय करायचं कळत नव्हतं."

"मला क्षमा कर" एवढं होबर्ट म्हणाला, आणि ते त्या खोलीत फारच तोकडं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात टेबलावर आहेत, तळवे खाली करून. कधी ठेवले ते त्याला आठवेना.

लाइलनंही ते बघितलं. त्यानं ओबरमायर सुलटा केला. गस ओबरमायर तुळतुळीत दाढी केलेल्या तोंडानं वर बघत होता.

"मिशा कुठायत?"

"पाण्यात गेल्या."

"चांगल्या होत्या त्या."

"फार चांगल्या होत्या."

बराच वेळ लाइल त्या बिनमिशीच्या तोंडाकडे बघत बसला. ब्रॅनककडे त्यानं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. मग दोन्ही कार्डं त्यानं टीपकागदासकट आपल्याकडे ओढली.

"ठेव इथं. तपासावी लागतील. तीन दिवस लागतील." तो थांबला. "पावती मिळणार नाही."

जगात असे ब्रॅनक बारातेरा असतील नसतील, आणि इतका कोरा एकही नसेल. खोलीला कुलूप नाही, पोरीबाळी चादरी बदलायला येतात-जातात. होबर्टच्या डोक्यात हे सगळं येऊन गेलं. येणारच. त्यानं हात टेबलावरून उचलले, कोट घेतला आणि तो दारापर्यंत गेला.

"होबी," लाइल म्हणाला. "पुन्हा येताना शाई घेऊन ये. निळी. या वेळी तू काढायच्यास."

गाडीत बसल्यावर होबर्टला रडू आलं. इतकं, की चादरी घेऊन जाणारी एक पोरगी काचेवर टकटक करून विचारून गेली, "काका, बरं वाटतंय ना?"

शनिवारी सकाळी डायनरमध्ये गावातली म्हातारी मंडळी जमतात. तिथं तो मधोमध उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "लाइल फेन्विकनं माझं काही चोरलं नव्हतं. मी माझ्या हातानं दिलं होतं आणि त्यालाच चोर म्हणत आलो." कुणीतरी विचारलं, त्या कार्डाची किंमत किती येईल. त्यानं ते ऐकलंच नाही. तो औषधाच्या दुकानात गेला, न्हाव्याकडे गेला. जिथं जिथं सांगितलं होतं तिथं तिथं गेला. बरीच माणसं केव्हाच वारली होती. जी होती त्यांना त्यानं सांगितलं.

तीन दिवस झाले, मग तीन आठवडे झाले. लाइलची तपासणी काही संपेना. होबर्ट रोज तीनला जातो. ओबरमायरला आता पुन्हा मिशा आहेत, जरा वाकड्या, कारण होबर्टचा हात कापतो आणि लाइल शेजारून टोमणे मारतो. एवढ्या जुन्या कार्डावर शाई लावणाऱ्या माणसाला होबर्टनं एरवी दुकानातून हाकललं असतं.

परवा क्लीव्हलंडहून फोन आला. तोच गोड आवाज. "मिस्टर स्टेम्पल, ऐकलंय की तुमच्याकडे एक टली ब्रॅनक आहे?"

"लाइल फेन्विककडे आहे," होबर्ट म्हणाला. "मेपल क्रेस्ट, खोली चौदा. गेलात तर कोट काढा आणि हात टेबलावर ठेवा. फार संशयी माणूस आहे तो." आणि त्यानं फोन हळूच खाली ठेवला, कारण पावणेतीन वाजले होते.